मशीनवरच्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी

मा. संपादक साहेब,
स. न.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून सगळीकडे एकच सल्ला ऐकू येतोय, लवकर विंडोज ११ टाका नाहीतर हॅक व्हाल. पेपरमध्ये छापून येतं, व्हॉट्सॲपवर फिरतं, कॉम्प्युटर दुरुस्तीवाले स्वतःहून फोन करून सांगतात. घरच्या आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी हे बरोबरच आहे. पण भोसरी, तळवडे, चाकण, पिरंगुट इकडच्या शेडमध्ये जे कॉम्प्युटर सीएनसी मशीन (कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू-लाकूड कापणारी मशीन) चालवतात त्यांनाही हाच सल्ला जसाच्या तसा लावला जातोय आणि त्यात लोकांची चालती मशीन बंद पडतायत. आणि दुसऱ्या टोकाला असे पण बरेच मालक आहेत जे म्हणतात चालतंय ना मग हात लावू नको, आणि जुन्या विंडोज एक्सपीवर वर्षानुवर्षं काढतायत, एक दिवस डिस्क गेली की मग सगळीकडे फोनाफोनी. दोन्हीकडे निर्णय होतोय तो मशीनकडे न बघता होतोय, म्हणून हे पत्र.

मी भोसरीत आमच्या वर्कशॉपमध्ये प्रोग्रॅमिंग आणि मेंटेनन्स दोन्ही बघते. माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं, की मशीनच्या कॉम्प्युटरच्या डिस्कची एक नक्कल, चालवून तपासलेली नक्कल, कपाटात नसेल तर अपग्रेड करायचं असं पण ठरवू नका आणि नाही करायचं असं पण ठरवू नका. कारण नक्कल नसताना दोन्ही म्हणजे नशिबावर हवाला. नक्कल हातात आली की मग पुढचे प्रश्न शांतपणे विचारता येतात.

त्यातला पहिला प्रश्न म्हणजे त्या मशीनमध्ये कॉम्प्युटर नक्की करतो काय. सगळ्या मशीनचं उत्तर सारखं नाही. सीमेन्सचा ८४०डी पॉवरलाइन हा कंट्रोलर बसवलेली जुनी मशीन असतात, त्यात समोर जे विंडोज एनटी किंवा एक्सपी दिसतं ते पीसीयू ५० या पॅनेलच्या कॉम्प्युटरमध्ये चालतं, आणि ॲक्सिस चालवायचं खरं काम एनसीयू या कंट्रोल युनिटमध्ये वेगळंच होतं. तिथे विंडोज म्हणजे दर्शनी भाग. लाकडावर नक्षी काढणाऱ्या बऱ्याच राउटरवर हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर असतो, त्याला पेनड्राइव्हमधून फाइल दिली की कॉम्प्युटरचा संबंध संपला, तिथे डिझाइनच्या कॉम्प्युटरवर काय वाटेल ते टाका, मशीनला फरक पडत नाही.

पण मॅक३ या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरवर चालणारे राउटर, प्लाझ्मा कटर, रेट्रोफिट केलेल्या मिलिंग, ज्यांच्या कॉम्प्युटरच्या मागून २५ पिनची पॅरलल पोर्टची केबल थेट ब्रेकआउट बोर्डला, म्हणजे मोटरच्या ड्राइव्हच्या वायरी जोडलेल्या बोर्डला, जाते, त्यांचं प्रकरण पूर्ण वेगळं आहे. इथे मोटरला जाणारा एकेक पल्स (एक पाऊल फिर असं सांगणारा विजेचा ठोका) तो कॉम्प्युटर स्वतः काढत असतो. हिशोब करून बघा म्हणजे कळेल किती बारीक काम आहे. मोटर २०० स्टेपची, ड्राइव्हला १० मायक्रोस्टेप, ५ मिमी पिचचा बॉलस्क्रू. म्हणजे एका फेऱ्याला २००० पल्स, १ मिमीला ४०० पल्स, एक पल्स अडीच मायक्रॉनचा. मॅक३ चा पल्स काढायचा ठेका (कर्नल) २५ किलोहर्ट्झवर ठेवला तर दर ४० मायक्रोसेकंदाला एक पल्स सोडायची संधी मिळते आणि टेबल मिनिटाला जास्तीत जास्त ३७५० मिमी धावू शकतं. आता ऑफिसचा कॉम्प्युटर मध्येच पाव सेकंद अडकला तर टायपिंग करणाऱ्याला कळत सुद्धा नाही, पण इथे एखाद्या मिलिसेकंदाचा अडथळा आला तरी पल्सची लय तुटते, फुल स्पीडला धावणारी मोटर दचकते आणि स्टेप मिस होतात. साध्या स्टेपर मोटरला एन्कोडर, म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर, नसतो, त्यामुळे स्टेप गेल्याचं मशीनला कळत नाही, स्क्रीनवर आकडा बरोबर दाखवतो आणि टूल भलतीकडे असतं. पुढचा सगळा जॉब तेवढ्याने सरकलेला निघतो, आणि आपण कपलिंग बघतो, ग्रब स्क्रू बघतो, बॅकलॅश (स्क्रूमधली ढिलाई) मोजत बसतो.

म्हणून या मशीनवर नवीन विंडोज म्हणजे नवीन सजावट नाही, पल्स काढणारा माणूसच बदलण्यासारखं आहे ते.

आणि मुळात बसतच नाही. मॅक३ चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो, ६४ बिटवर चालत नाही, आणि विंडोज ११ तर ३२ बिटमध्ये येतच नाही. आमच्याच गल्लीत प्लाझ्मा कटिंगचं काम करणारे एक जण आहेत, त्यांच्याकडे नेहमीचा कॉम्प्युटरवाला आला, त्याने त्याच्या परीने चांगलंच काम केलं, जुना कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून फॉरमॅट मारला, ६४ बिट विंडोज टाकलं, एसएसडी टाकली, अँटीव्हायरस टाकला. कॉम्प्युटर झकास सुरू झाला. मॅक३ उघडलं, फाइल लोड झाली, प्लेटवर कापायचा आकार स्क्रीनवर व्यवस्थित दिसत होता आणि गॅन्ट्री (कटर नेणारी चौकट) जागची हलेना. मग मला बोलावलं. परत ३२ बिट टाकून ड्रायव्हर बसवणं हे काम तसं मोठं नव्हतं, मोठं दुखणं होतं ते फॉरमॅटमध्ये गेलेल्या एका छोट्या एक्सएमएल फाइलचं. मॅक३ मध्ये तुम्ही जे काही सेट केलेलं असतं, कुठल्या पिनला कुठली मोटर, एका मिलिमीटरला किती पल्स, ॲक्सिलरेशन किती, होम स्विच कुठे आहे आणि उलटा आहे का सुलटा, बॅकलॅश किती भरलाय, ते सगळं त्या एका फाइलमध्ये असतं. काही केबीची फाइल. ती गेली. मशीन बसवणाऱ्याकडे तिची कॉपी नव्हती, मालकांकडे नव्हती, आणि मग ब्रेकआउट बोर्डच्या एकेका वायरचा माग काढत, डायल लावून प्रत्येक ॲक्सिस मोजत ते सगळं परत भरावं लागलं आणि तोपर्यंत त्यांचा माल दुसरीकडून कापून घ्यावा लागला. ती फाइल पेनड्राइव्हवर टाकायला एक मिनिट सुद्धा लागत नाही हो.

अजून एक गोष्ट लोक विसरतात ती म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल. सेल उतरला की बायोसमधलं सेटिंग जातं, त्यात पॅरलल पोर्टचा मोड आणि ३७८ हा पत्ता पण आला, आणि मग काल चालणारं मशीन आज चालत नाही. विंडोजचा काही दोष नसताना लोक विंडोज बदलायला निघतात. सेल बदला, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, मशीनच्या नावाने फोल्डर करून.

आता उलट बाजू. जे हात लावू नको म्हणतात त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही, त्यांनी वरच्यासारखे प्रकार पाहिलेले असतात. पण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२०ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल अडकवून खंडणी मागणारा व्हायरस आला तेव्हा रेनोला कारखाने थांबवावे लागले होते, आणि ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेला होता, लावला नव्हता एवढंच. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि आपल्या जेएनपीटीतलं मर्स्क समूहाचं टर्मिनल त्यात अडकलं. आणि ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या दुसऱ्यांसाठी चिप बनवून देणाऱ्या जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीत वॉनाक्रायचाच भाऊबंद घुसला, कसा, तर नवीन आलेलं मशीन व्हायरस न तपासता नेटवर्कला जोडलं आणि आतली विंडोज ७ ची मशीन पॅच न केलेली होती. त्या तिमाहीच्या उत्पन्नाला साधारण ३ टक्के फटका बसेल असं कंपनीनेच तेव्हा सांगितलं होतं. मोठ्यांचं हे झालं, आपल्याकडे नेटवर्क जोडलेलंच नसतं म्हणून आपण निर्धास्त, पण पेनड्राइव्ह असतो ना. एकच पेनड्राइव्ह डिझाइनवाल्याकडून आमच्याकडे, आमच्याकडून हीट ट्रीटमेंटवाल्याकडे रिपोर्ट आणायला, तिथून सेटरच्या मुलाच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला सायबर कॅफेत, आणि परत मशीनला. आमच्याकडे मशीनचा पेनड्राइव्ह लाल रंगाचा आहे आणि तो शेडच्या बाहेर जात नाही, बाहेरून आलेली फाइल आधी ऑफिसच्या अपडेट असलेल्या कॉम्प्युटरवर तपासली जाते मगच लाल पेनड्राइव्हवर जाते. शिस्त लावायला वेळ लागला, आता ऑपरेटर मुलंच एकमेकांना टोकतात.

नेटवर्कचा एक प्रकार मात्र सविस्तर सांगते कारण तो अनेकांच्या लक्षातच येत नाही. मशीनला कोणी हात लावलेला नसतो, फक्त ऑफिसचा कॉम्प्युटर नवीन घेतलेला असतो, आणि तरी मशीन अडतं. एक्सपीवर चालणारा कंट्रोलर ऑफिसच्या शेअर केलेल्या फोल्डरमधून प्रोग्रॅम उचलतो तो एसएमबी या विंडोजच्या फाइल शेअर करायच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीने. ती आवृत्ती मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या १७०९ या अपडेटपासून नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये बाय डिफॉल्ट देणंच बंद केलं. त्यामुळे नवीन कॉम्प्युटर आला की मशीनला फोल्डर दिसत नाही, सेकंड शिफ्टचा सेटर रात्री फोन करतो की प्रोग्रॅम येत नाहीये. मग कोणीतरी इंटरनेटवर बघून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती जुनी आवृत्ती परत चालू करतो, फोल्डर दिसतो, सगळे खूश. पण वॉनाक्राय शिरला होता तो नेमका याच दारातून. म्हणजे आपण सुरक्षेसाठी नवीन विंडोज घेतलं आणि जुनं दार आपल्याच हाताने उघडून ठेवलं, आणि ते सुद्धा अशा कॉम्प्युटरवर ज्यावर बँकेचे व्यवहार आणि जीएसटी होतो. त्यापेक्षा आरएस-२३२ च्या केबलने डीएनसी करा, म्हणजे प्रोग्रॅम थेट मशीनला पाठवा, ९६०० बॉडवर जरा सावकाश जातो प्रोग्रॅम पण जातो. किंवा मशीनसाठी वेगळा छोटा स्विच टाका ज्याला इंटरनेटची वायरच येत नाही, आणि मध्ये एक कॉम्प्युटर फक्त प्रोग्रॅम ठेवायला. हा खर्च एका टूल होल्डरच्या आसपासचा आहे, फार मोठा नाही.

अपडेट म्हणजे आपोआप सुरक्षित असं पण नसतं हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर जाऊन बसले, विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहायची वेळ आली. तो हल्ला नव्हता, सुरक्षेसाठीचंच सॉफ्टवेअर होतं. म्हणून मशीनच्या कॉम्प्युटरवर कुठलीही गोष्ट स्वतःहून अपडेट होता कामा नये, आपण ठरवू तेव्हा, आपण समोर असताना व्हायला पाहिजे.

आता नक्कल कशी करायची ते, कारण बॅकअप आहे म्हणणारे भरपूर भेटतात आणि तो बॅकअप म्हणजे डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रोग्रॅमची फोल्डर असतात. डिस्क गेली की सी पण जातो आणि डी पण. पूर्ण डिस्कची इमेज पाहिजे, विंडोज, ड्रायव्हर, मशीनचं सॉफ्टवेअर, लायसन्स, सगळ्यासकट. क्लोनझिला हे नक्कल काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करायचा आणि डिस्कची इमेज बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची. जुना कॉम्प्युटर पेनड्राइव्हवरून बूट होत नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावायची. जुनी आयडीई डिस्क असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत कन्व्हर्टर मिळतो. डिस्क खरखरत असेल तर तिच्यावर बाकीचे काही प्रयोग न करता आधी इमेज, ती परत सुरू होईल याची खात्री नसते.

आणि इथे थांबायचं नाही. ती इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, ती डिस्क मशीनच्या कॉम्प्युटरला लावायची आणि खरा जॉब चालवायचा. हे केल्याशिवाय ती नक्कल आहे असं मी मानत नाही. कारण काही सॉफ्टवेअरचं लायसन्स हार्ड डिस्कच्या नंबरला बांधलेलं असतं, फाइल सगळ्या येतात पण नवीन डिस्कवर लायसन्स मागतो, आणि हे तुम्हाला शांततेत कळलेलं बरं का डिस्पॅचच्या दिवशी? काहींना पॅरलल पोर्टला नाहीतर यूएसबीला डोंगल (लायसन्सची किल्ली) असतो, तो डोंगल हरवला तर इमेजचा काही उपयोग नाही, त्याच्यावर मशीनचं नाव चिकटवा आणि तो कोणाला काढू देऊ नका. तपासलेली डिस्क अँटीस्टॅटिक पिशवीत, वर तारीख लिहून, ऑफिसच्या कपाटात. शेडमध्ये कूलंटच्या वाफेत नको.

हे सगळं झालं की मग अपग्रेडचा निर्णय सोपा होतो असं मी म्हणत नाही, पण तो निर्णय होतो. कॉम्प्युटर फक्त स्क्रीन असेल आणि मशीन बनवणारा नव्या विंडोजसाठी सॉफ्टवेअर देत असेल तर करून टाका. कॉम्प्युटर स्वतः पल्स काढत असेल तर आधी ते काम त्याच्याकडून काढून घ्या. इथरनेटने जोडायचे मोशन कंट्रोलर कार्ड मिळतात, स्मूथस्टेपरसारखी, मग पल्स कार्ड काढतं, त्याचा प्लगइन टाकला की मॅक३ ६४ बिट विंडोजवर पण चालतं आणि कॉम्प्युटर जरा रेंगाळला तरी जॉब बिघडत नाही. ज्याला लिनक्सची भीती नाही त्याने लिनक्ससीएनसी हे मशीन चालवायचं सॉफ्टवेअर बघावं, त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतलं आहे, त्यात रिअल टाइम कर्नल असतो आणि लेटन्सी टेस्ट नावाचा एक फार उपयोगी प्रोग्रॅम असतो. तो चालू ठेवून चार विंडो उघडायच्या, ओढायच्या, मोठ्या फाइल कॉपी करायच्या आणि जिटरचा (वेळ किती चुकते त्याचा) आकडा बघायचा. १५-२० मायक्रोसेकंदाच्या आत राहिला तर तो कॉम्प्युटर पॅरलल पोर्टवर छान पल्स काढेल, १०० च्या वर गेला तर तो कॉम्प्युटर या कामाचा नाही, कितीही महागाचा असो. नवीन आणि महाग म्हणजे चांगला असं इथे नाही, लॅपटॉप तर बहुतेक नापासच होतात.

ज्यांच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोज १० वर नीट चालतंय त्यांनी घाईने ११ वर जायची गरज नाही, अजून एक रस्ता आहे जो दुकानदार सहसा सांगत नाहीत. विंडोज १० आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१ या आवृत्तीला १३ जानेवारी २०३२ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळणार आहेत, ती मशीन आणि उपकरणांसाठीच असते, दर वर्षी नवीन फीचर टाकून त्रास देत नाही. लायसन्स अधिकृत वितरकाकडून घ्यावं लागतं. मायक्रोसॉफ्टचा पैसे भरून वाढीव सपोर्ट पण आहे, कंपन्यांसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं आणि दर वर्षी किंमत दुप्पट, त्यामुळे तो फक्त मधला काळ काढायला. आणि टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) नाही तरी बायपास करून ११ टाकून देतो असं कोणी म्हणालं तर मशीनच्या कॉम्प्युटरवर ते अजिबात करू देऊ नका. तिथे उद्या अपडेट येईल का नाही याची मायक्रोसॉफ्टच हमी देत नाही.

ज्यांना अपग्रेड करायचंच आहे त्यांनी नवीन डिस्कवर करावं, जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी, तिच्यावरच अपग्रेडचं बटण दाबू नये. म्हणजे काही बिनसलं तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत लावली की मशीन होतं तसं. वेळ निवडताना आपल्याकडे गुरुवारची सुट्टी असते म्हणून लोक गुरुवारी काढतात हे काम, पण महावितरणची कामं पण गुरुवारीच निघतात आणि अर्ध्यात लाइट गेली की विंडोज धड इकडे ना तिकडे, त्यामुळे यूपीएस असल्याशिवाय सुरुवात करू नका. झाल्यावर स्लीप बंद, यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद, आपोआप रिस्टार्ट बंद. मग स्पिंडल बंद ठेवून हवेत एक प्रोग्रॅम, मग डायल लावून टेबल शंभर वेळा पुढे मागे आणि शून्यावर परत येतं का ते, मग स्वस्तातल्या ॲल्युमिनियमवर एक जॉब आणि तो इन्स्पेक्शनला. लांबचा प्रोग्रॅम निवडा, दोन तासांचा तरी, कारण गडबड पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही.

चाकणच्या मोठ्या कंपन्यांना माल देणारे आता म्हणतील की कस्टमरचा ऑडिटर येतो आणि जुनं विंडोज दिसलं की एनसी (त्रुटीचा शेरा) टाकतो. त्यांनी आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं ६.१.२.३ कलम नीट वाचावं. त्यात आकस्मिक संकटासाठी तयारी मागितली आहे, त्यात सायबर हल्ला पण नाव घेऊन आहे, आणि ती तयारी अधूनमधून तपासून बघा असं पण आहे. अमुकच विंडोज पाहिजे असं त्यात कुठेही नाही. ऑडिटरसमोर तारीख लिहिलेली डिस्क ठेवली, ती लावून मशीन किती वेळात सुरू झालं त्याची नोंद दाखवली, मशीनचं नेटवर्क वेगळं आहे हे दाखवलं तर तुमच्याकडे बोलायला काहीतरी आहे. नुसतं विंडोज ११ टाकलं आणि नक्कल नाही, तर खरं तर एनसी तिथे पडायला पाहिजे.

शेवटचा मुद्दा मशीन विकणाऱ्यांचा आणि याच्यासाठीच मला तुमच्या पेपरची मदत पाहिजे. आम्ही घेतलेल्या एका राउटरसोबत विक्रेत्याने ना सॉफ्टवेअरची सीडी दिली, ना पॅरामीटरची फाइल, ना वायरिंगचा कागद. विचारलं तर म्हणाले मॅडम काही लागलं तर आम्हाला बोलवा, आमचा माणूस येईल. तो माणूस नोकरी सोडून गेला, नवीन आलेल्याला ते मशीन माहीत नाही, आणि एएमसीचा चेक मात्र वेळेवर मागतात. हे एकट्या आमचं नाही, भोसरीत कोणालाही विचारा. मशीन तारण ठेवून बँक लाखांचं कर्ज देते, मशीन पंधरा-वीस वर्षं चालणार म्हणून आपण हप्ते मांडतो, आणि ते चालवणारं सॉफ्टवेअर एका डिस्कवर, कोणाच्याच मालकीचं नसल्यासारखं पडलेलं असतं.

उद्योजकांच्या संघटनांनी हा विषय विक्रेत्यांसमोर एकत्र मांडावा, एकट्या-दुकट्याचं ते ऐकत नाहीत. आयटीआय आणि पॉलिटेक्निकमध्ये सीएनसी शिकवताना जी कोड शिकवतात तसं डिस्कची इमेज घेणं आणि पॅरामीटर काढून ठेवणं पण प्रॅक्टिकलला घ्यावं, एका दुपारचं काम आहे. आणि तोपर्यंत नवीन मशीन घेणाऱ्यांनी पर्चेस ऑर्डरमध्येच लिहावं की मशीनसोबत सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर, लायसन्सचा कागद आमच्या नावाने, पॅरामीटरची फाइल, वायरिंग डायग्रॅम, आणि आमच्यासमोर चालवून दाखवलेली एक जादा डिस्क मिळाल्याशिवाय शेवटचे १० टक्के पेमेंट दिलं जाणार नाही. आम्ही आता प्रत्येक ऑर्डरमध्ये हे लिहितो. एका विक्रेत्याने नाही म्हटलं, दुसऱ्याने दिलं, आणि मशीन आम्ही दुसऱ्याकडून घेतलं.

आपली,
एक वाचक
भोसरी, पुणे ३९